मे महिन्याची सुट्टी: बोर्निओचे वर्षावन की सह्याद्रीचे?

गोव्यातील सत्तरी, डिचोली किंवा फोंड्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला उन्हाळ्याची सुट्टी वर्षावनात स्वयंसेवक म्हणून घालवायची असेल, तर त्याच्यापुढे साधारणपणे दोन पर्याय उरतात. एक बोर्निओ बेटावरील मलेशियाच्या साबा राज्याचा, दुसरा घाटमाथ्यावरील, कर्नाटकातील आगुंबे अथवा तामिळनाडूतील वालपराईचा. पेरूमधील ॲमेझॉनचे रान मनात असले, तरी पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्राविना परतणाऱ्यास भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. महिनाभराच्या सुट्टीत हे बसवणे कठीण आहे.

साबाची जमेची बाजू म्हणजे तेथे बारमाही पाऊस असल्याने मे महिन्यातही रान ओलेचिंब असते. सँडाकनजवळचे सेपिलोक येथील ओरांगउटान पुनर्वसन केंद्र 1964 पासून चालू आहे. मात्र माणसाचे श्वसनरोग ओरांगउटानांना सहज जडत असल्यामुळे जबाबदार केंद्रे स्वयंसेवकाला प्राण्यांपासून दूरच ठेवतात, आणि त्याच्या वाट्याला फळे चिरणे, पिंजरे धुणे, पायवाटा दुरुस्त करणे अशी कामे येतात. पिल्लू कडेवर घेतलेले छायाचित्र दाखवून शुल्क मागणाऱ्या संस्थेकडे पाठ फिरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय पर्यटक म्हणून प्रवेश घेऊन असे काम करता येते का, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

आगुंबेला मडगावहून उडुपीपर्यंत रेल्वेने आणि पुढे घाटातून बसने जाता येते. तेथे वर्षाला 7,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मे महिन्यात पायाखाली वाळलेला पाचोळा असतो आणि एखादा वळीव येऊन जातो, त्यामुळे ठिबकत्या रानाच्या ओढीने जाणारा हिरमुसेल. रोम्युलस व्हिटेकर यांनी 2005 मध्ये स्थापन केलेले तेथील संशोधन केंद्र नागराजाच्या अभ्यासासाठी ओळखले जाते. वालपराईत नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन चहामळ्यांमध्ये उरलेल्या रानाच्या तुकड्यांत देशी झाडे लावून ते पुन्हा उभे करीत आहे. अशा कामात उन्हाळ्यात बियाणे आणि रोपवाटिका सांभाळायची असते, तर लागवड पाऊस लागल्यावर होते. म्हादई अभयारण्य तर घराजवळच आहे, पण तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही.

आरोग्याच्या बाबतीत दोन्हीकडे माकडेच आडवी येतात! साबात माकडांकडून डासांमार्फत माणसाला होणारा हिवताप आहे, तर आपल्याकडे गोचिडींमुळे होणारा माकडताप. तो 1957 मध्ये आगुंबेच्याच शिवमोग्गा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला आणि गेल्या दशकात सत्तरीतही त्याचे रुग्ण आढळले. डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य काळ असून जुनी लस आता वापरात नाही. त्यामुळे लांब मोजे घालणे, रोज संध्याकाळी अंग तपासणे आणि मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता कळवणे, एवढे पथ्य पाळावेच लागते.

पशुवैद्यक किंवा प्राणिशास्त्र शिकणाऱ्याने, हाताशी निदान 2 महिने असतील तर, साबाचा विचार करावा. पहिल्यांदाच घर सोडणाऱ्याने मात्र घाटच निवडावा. घरी काजूची बाग असेल तर बोंडे वेचून झाल्यावर, मेच्या मध्यानंतर निघावे, म्हणजे घरच्यांचा हात मोडणार नाही आणि महाविद्यालयाने जूनमध्ये थोडी सवड दिली तर लागवडही हाती लागेल.