बादली परदेशी, मीठ मिठागराचं

गोव्यात राहून खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "अरे, समुद्र दारात आहे, पाणी विकत कशाला घेतोस?" मीही हाच प्रश्न मला टाकी मांडून देणाऱ्या माणसाला विचारला होता. त्याचं उत्तर इतकं चोख होतं की पुढच्या एकाही उत्तरावर मी शंका घेतली नाही. फसलो तो तिथेच.

तो म्हणाला, "सर, मिरामारचं पाणी म्हणजे मांडवीचं तोंड. पावसाळ्यात नदी गोडं पाणी आणून ओतते, खारटपणा पार उतरतो. वर गाळ, बोटींचं डिझेल. टाकीला लिटरमागे पस्तीस ग्रॅम क्षार लागतात, आणि ते बारा महिने तेवढेच लागतात." यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. नंतर मी पुस्तकं चाळली, दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत पूर्वी काम केलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. त्या माणसाला विषय येत नव्हता असं मी कधीच म्हणणार नाही. येत होता म्हणूनच तर जमलं त्याला.

मी पर्वरीला राहतो, नोकरी पणजीत. गोड्या पाण्याची टाकी दहा वर्षं होती. गप्पी, मॉली, एंजल सगळं करून झालं. एका मित्राकडे समुद्रातल्या क्लाऊनफिशची जोडी पाहिली आणि डोक्यात किडा शिरला. या माणसाचं दुकान नाही. फोनवर बोलतो, घरी येतो, मापं घेतो, टाकी मांडून देतो. तीन फुटी टाकी, स्टँड, स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र), दिवा, दगड, मासे, सगळं धरून चौऱ्याहत्तर हजार ठरले. तीस हजार आगाऊ. पावती मागितली तर एका कागदावर 'टाकी व ॲक्सेसरीज' एवढंच लिहून दिलं. बायको म्हणाली, "एवढ्या पैशांचं एवढंसं बिल?" मी म्हटलं, "अगं, छंदाचा धंदा आहे, हे लोक असेच असतात." हे वाक्य तिनं त्यानंतर मला निदान वीस वेळा परत ऐकवलंय.

टाकी भरली त्या दिवशीचं पाणी त्यानं स्वतः कालवलं, स्वतःच्या डब्यातलं मीठ घालून. मुद्दाम सांगतोय, पुढे याचा संबंध येणार आहे. तिसऱ्या दिवशी मासे सोडले. खरं तर नव्या टाकीत माशांच्या घाणीतून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू बसायला चार ते सहा आठवडे द्यायला हवेत. त्यानं जीवाणूंची म्हणून एक बाटली ओतली आणि "झालं सर" म्हणाला. तेव्हा तरी मासे जगले, त्यामुळे यावर मी फार बोलत नाही.

दगडांवर मात्र बोलायला हवं. चौदा किलो 'लाईव्ह रॉक', म्हणजे समुद्रातून काढलेले, जीवाणू-शेवाळ बसलेले दगड, किलोला नऊशे रुपये, "फिजीचा माल". दगड सुंदर होते, जांभळ्या पापुद्र्याचे (हे चुना धरणारं शेवाळ). दोनांवर तर नक्षीच होती: शेंगदाण्याएवढ्या खळग्या, प्रत्येक खळगीत मधोमध निघालेल्या बारीक पाकळ्या, एकाला एक चिकटून. एका कडेला तुटल्याची ताजी पांढरी खूण होती. मी त्याचे फोटो काढून त्यालाच पाठवले, "काय कमाल दगड दिलाय!" म्हणून. अंगठा उंचावून त्यानं उत्तर दिलं.

मग आली निळी बादली. वीस किलो, झाकणावर लाटेचं चित्र, परदेशी कंपनीचं नाव, आठ हजार चारशे रुपये. दर रविवारी टाकीतलं सातवा हिस्सा पाणी काढायचं आणि या मिठाचं नवं घालायचं. झाकणाला जी प्लास्टिकची पट्टी असते, पहिल्यांदा उघडताना जी तोडावी लागते, ती आधीच तुटलेली होती. आतली पिशवी वितळवून बंद केलेली नव्हती, रबर लावून बांधली होती. दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या. विचारलंही. "कस्टमवाले उघडून बघतात सर." पटलं मला. आता वाटतं, रबरही कस्टमवाल्यांनीच लावला असेल का, एवढं तरी विचारायला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात शंखातले गोगलगाय उताणे पडू लागले. पाचव्यात कोळंबी गेली. कात टाकायला बसली आणि अर्ध्या कवचातच राहिली. दगडावरचा जांभळा पापुद्रा कडेनं पांढरा पडत चालला, भिंतीचा चुना सुटावा तसा. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर लावला की आकडा मात्र दरवेळी 1.025, समुद्रासारखाच. मी त्याला फोन करायचो, तो म्हणायचा, "खारटपणा बरोबर आहे ना? मग पाणी बदला अजून थोडं." म्हणजे विषाचा डोस वाढवा. मी वाढवला नाही, तो केवळ आळसानं.

रिफ्रॅक्टोमीटर बघतो ते पाण्यातून प्रकाश किती वाकतो ते. एकूण क्षार किती, एवढंच त्यावरून कळतं. कोणते, ते नाही. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. शंख आणि कवच बनायला कॅल्शियम लागतं, म्हणून मित्रानं त्याचा कॅल्शियमचा टेस्ट किट आणून दिला. समुद्राच्या पाण्यात लिटरला चारशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. माझ्या टाकीत निघालं दोनशे तीस. आम्हाला वाटलं, दगड-गोगलगाय ओढून घेत असतील. मग मित्राला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, "नुसतं नवं कालवलेलं पाणी बघू." बादलीतलं मीठ, आरओचं पाणी, अजून टाकीला न लागलेलं. थेंब मोजत गेलो. गुलाबी रंगाचा निळा व्हायला वीस-बावीस थेंब लागतात, तिथे सहाव्यालाच झाला. एकशे दहा. जुन्या पाण्यापेक्षा नवं पाणी वाईट! टाकीत जे थोडंफार कॅल्शियम होतं ते त्यानं पहिल्या दिवशी स्वतःच्या डब्यातून घातलेल्या खऱ्या मिठाचं. मी दर रविवारी, घाम गाळून, ते उपसून टाकत होतो.

छडा लावला तो सासऱ्यांनी. ते पेडण्याचे, आगरवाड्याचे. त्यांच्या घरचं मिठागर होतं, लहानपण त्यातच गेलं. गणपतीला आले होते. पाणी कालवायच्या टपाच्या तळाशी राखाडी गाळाचा थर बसला होता तो त्यांनी बोटानं पुसला, वास घेतला. मग बादलीतलं मूठभर मीठ तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळलं. भुकटीत मधेच एखादा न दळला गेलेला चौकोनी खडा राहिला होता. तो उचलून उजेडात धरला आणि हसायलाच लागले. "हें मिठागरांतलें मीठ मरे!"

रस्त्याकडेला पिशव्या लावून विकतात ते मीठ. दळून, निळ्या बादलीत.

त्यांनी जे समजावलं ते मला कुठल्या पुस्तकात इतकं सोपं सापडलं नाही. मिठागरात पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात आटवत नेतात. आटताना आधी चुना बसतो, मग जिप्सम, आणि त्यानंतरच्या वाफ्यात मीठ धरतं. मीठ ओढून घेतलं की खाली उरतं ते कडू पाणी, ते सोडून देतात. मॅग्नेशियम त्या कडू पाण्यातच निघून जातं. म्हणजे कॅल्शियम आधीच्या वाफ्यांत राहिलं, मॅग्नेशियम गटारात गेलं, आणि माझ्या टाकीत आलं ते जेवणाला उत्तम आणि शंख-कोळंबीला उपाशी मारणारं मीठ. त्या मिठाला मी नावं ठेवत नाही. आमच्याकडे खारातली कैरी त्याच मिठाची असते.

मी फोन केला. आवाज चढवून बोललो, ग्राहक आयोगात जाईन म्हणालो. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "जा ना सर. पण तुमच्या टाकीत काय आहे त्याचे फोटो तुम्हीच मला पाठवलेत. नक्षीवाला दगड आठवतो ना? फॉरेस्टवाले आधी कोणाच्या दारात येतील?"

मला कळेना हा काय बोलतोय. ते दोना पावलाचे गृहस्थ घरी आले, टाकीत डोकावले आणि म्हणाले, "हा दगड नाही रे. प्रवाळाचा सांगाडा आहे, आणि हा कोपरा तर परवापरवापर्यंत जिवंत असणार." दगडी सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं 2001 सालापासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. मेलेलं असलं तरी घरात ठेवणं गुन्हाच. शिक्षा तीन ते सात वर्षं. फिजीचा की आपल्याच किनाऱ्यावरून फोडून आणलेला, हे ठरवायला माझ्याकडे कागद नव्हता. कागदावर होतं फक्त 'ॲक्सेसरीज'. त्या मोघम पावतीचा अर्थ मला त्या रात्री लागला. आळसानं लिहिलेली नव्हती ती.

मिठात त्यानं मारले असतील सात-आठ हजार. पण दगड विकून त्यानं माझं तोंडच बंद केलं होतं, तेही माझ्याकडून किलोला नऊशे घेऊन. आणि मी एकटा नसणार. दोघांशी बोललो ज्यांनी त्याच्याकडूनच टाकी घेतली होती. दोघांकडे नक्षीचे दगड होते, दोघंही "जाऊ दे, सोड" म्हणाले.

आठ दिवस मला झोप नव्हती. एकदा मनात आलं, रात्री पिशवीत घालून दगड मिरामारला टाकून यावेत. बरं झालं नाही टाकले. परक्या टाकीतले किडे, शेवाळ, रोग समुद्रात सोडणं हा वेगळाच उपद्व्याप, आणि पुरावाही गेला असता. शेवटी ओळखीच्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी आधी मला दोन गोष्टी ऐकवल्या, मग पत्र लिहायला बसवलं: कोणाकडून, कधी, किती पैशांना, काय सांगून विकलं, फोनवरचे संदेश सोबत. पत्र आणि दगड घेऊन त्यांच्यासोबतच वनखात्यात गेलो, जबाब दिला. तो दीड तास मला जन्मभर पुरेल. पण बाहेर पडलो तेव्हा त्या माणसाच्या हातातला दोरा तुटला होता. संध्याकाळी मीच त्याला फोन करून सांगितलं. पहिल्यांदाच त्याला पटकन उत्तर सुचलं नाही.

मिठाची तक्रार वेगळी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी लागत नाही हे मला माहीत नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला तेव्हा बरीचशी वाट कळली. अर्धा किलो मीठ दोघांच्या सह्या घेऊन बरणीत बंद करून ठेवलंय, बादली आणि तो रबरसुद्धा. दरम्यान त्यानं एका तिऱ्हाइताकडून बारा हजार पाठवले, "प्रकरण मिटवू" म्हणून. मी ते आगाऊ रकमेपैकी परत मिळाले असं लिहून कळवलं, मिटवलं काही नाही.

कोणी नव्यानं टाकी घेणार असेल तर त्यानं मातीचे भाजलेले किंवा सिमेंटचे दगड घ्यावेत. जीवाणू त्यावरही बसतात, फक्त महिना जास्त थांबावं लागतं. विकणारा 'लाईव्ह रॉक' म्हणाला की प्रत्येक वस्तूचं नाव लिहिलेलं बिल मागा. तो कुरकुरला तर टाकी राहू दे, मासेमार्केटात जा आणि बांगडे घेऊन या. मिठाची बादली आणली की पहिलं पाणी बालदीत कालवून कॅल्शियम तपासा, टाकीत घालायच्या आधी. किट हजार-दीड हजाराला येतो. मी तो घेतला नव्हता, कारण त्यानं सांगितलं होतं की एवढ्यात गरज नाही.

क्लाऊनफिशपैकी एक वाचला. तो आता मित्राच्या टाकीत आहे, तिथल्या मोठ्या मादीचा मार खात, पण खातोपितोय. माझी टाकी कोरडी आहे. बरणीतलं अर्धा किलो सोडून उरलेलं साडेतेरा किलो मीठ सासरे पोत्यात भरून आगरवाड्याला घेऊन गेले आणि दारच्या माडांच्या मुळाशी घातलं. काल फोनवर म्हणत होते, एवढं महागाचं मीठ त्या माडांनी कधी खाल्लं नव्हतं.