ड्रेटन टीआरव्ही४ व्हॉल्व्ह: रेडिएटरची धडधड गेली, तरी एक स्टार कापलाय

आधी निकाल सांगते. इथे यूकेत हीटिंग चालू असताना रेडिएटरमधून मशीनगनसारखी धडधड येत असेल तर बॉयलरवाल्याला (बॉयलर म्हणजे पाणी तापवून घरभरच्या रेडिएटरना पाठवणारं मशीन) बोलवायच्या आधी रेडिएटरच्या कोपऱ्यातला तो एक ते पाच आकडे असलेला गोल नॉब बघा, बहुतेक वेळा चोर तिथेच असतो. तो नॉब असतो टीआरव्हीचा, म्हणजे खोली तापली की रेडिएटरचं पाणी आपोआप कमी करणाऱ्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचा. आमच्या वरच्या बेडरूममधला तो व्हॉल्व्ह काढून ड्रेटनचा टीआरव्ही४ बसवला आणि आख्खा हिवाळा शांत गेला.

घर आम्ही घेतलं तेव्हाच व्हॉल्व्ह लावलेले होते, कुठल्या कंपनीचे ते सोडा, आणि ज्याने कोणी लावले त्याने पाण्याची दिशा बघितलीच नव्हती. सासूबाई साताऱ्याहून आल्या त्या ऐन जानेवारीत, आणि पहिल्याच रात्री दार वाजवून म्हणाल्या, "अगं, एवढ्या रात्री कोण काय ठोकतंय गं?" म्हटलं आई, रेडिएटर आहे तो. "मग बंद कर की!" बंद केला तर बाहेर शून्याच्या खाली, चालू ठेवला तर ठोकाठोक, आणि गंमत म्हणजे नॉब पूर्ण ५ वर फिरवला की आवाज एकदम गप्प, २ किंवा ३ वर आणला की परत सुरू. हीच सगळ्यात मोठी खूण आहे, लक्षात ठेवा. नॉब फिरवल्यावर आवाज बदलला तर गडबड व्हॉल्व्हमध्ये आहे, बॉयलरमध्ये नाही.

कारण अगदी साधं आहे. आत एक छोटी चकती असते आणि स्प्रिंग तिला वर उचलून धरते, खोली तापली की हेडमधलं (म्हणजे त्या नॉबच्या आतलं) मेण किंवा लिक्विड फुगतं आणि पिन दाबून चकती खाली आणतं. पाणी खालून वर येत असेल तर ते चकतीला उचलून धरतं, काही त्रास नाही. उलट्या बाजूने आलं की व्हॉल्व्ह बंद व्हायला आला असताना पाणीच चकतीला ओढून धाडकन बंद करतं, पाणी थांबलं की स्प्रिंग परत उघडते, परत पाणी, परत धाडकन, असं सेकंदाला कित्येक वेळा. जुन्या व्हॉल्व्हच्या बॉडीवर एकाच दिशेचा बाण असतो तो यासाठीच. सिस्टीम पूर्ण थंड असताना हीटिंग लावा आणि रेडिएटरच्या दोन्ही पाइपांवर हात ठेवा (पाइप लगेच भाजण्याइतका तापतो, जपून), जो आधी गरम होतो तो पाणी आत आणणारा, मग बाण जुळतोय का बघा. आमचा सरळ उलटा होता.

यावर उपाय दोन. एकतर तोच व्हॉल्व्ह दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि तिथला लॉकशील्ड (प्लंबर एकदाच सेट करून ठेवतो तो दुसरा व्हॉल्व्ह) इकडे आणायचा, नाहीतर दोन्ही दिशांना चालणारा व्हॉल्व्ह घ्यायचा. टीआरव्ही४ वर दोन्हीकडे टोकं असलेला बाण आहे, म्हणजे कुठूनही पाणी येऊ दे, आणि आडवा उभा कसाही बसतो. आमच्या प्लंबरने हाच सुचवला, जुना तसाही घासलेला होता, म्हटलं चला. किंमत मोबाइलवरून चालणाऱ्या स्मार्ट हेडच्या तुलनेत काहीच नाही, मजुरीच जास्त लागते. ऑर्डर करताना पाइप १५ मिमी आहे की १० मिमीचा बारीक, आणि भिंतीतून येतो की जमिनीतून, एवढं मोजून घ्या नाहीतर परत करायला धावाल.

बसवायला सिस्टीममधलं पाणी काढावं लागतं, वरच्या मजल्याचा रेडिएटर असेल तर थोडंच. ते पाणी शाईसारखं काळं निघतं आणि कार्पेटवर पडलं तर डाग जन्मात जात नाही, त्यामुळे खाली जुनी चादर आणि टोप दोन्ही ठेवा. आणि एक गोष्ट प्लंबर आठवणीने करतोय ना ते बघा, पाणी काढलं की त्यातलं गंज रोखणारं केमिकलही जातं, ते परत टाकायला हवं. आम्ही फर्नॉक्स एफ१ टाकलं. कॉम्बी बॉयलर (वेगळी टाकी नसलेला) असेल तर शेवटी प्रेशर थंड असताना एक ते दीड बारच्या मध्ये आणून ठेवायचं, झालं.

आता तक्रारी. पहिली तर कंपनीचा दोषच नाही: धडधड गेली तरी बारीक शिट्टी राहिली होती, एकेक करून बाकीचे रेडिएटर बंद होत आले की वाजायची. ती पंपाच्या स्पीडची. सगळे व्हॉल्व्ह बंद व्हायला लागले की पंपाचा सगळा जोर उरलेल्या एकदोघांवर येतो, मग शिट्टी वाजणारच. पंप ३ वर होता तो २ वर आणला आणि शिट्टी गेली. तेवढ्याने जात नसेल तर ऑटोमॅटिक बायपास व्हॉल्व्ह (जास्तीचं पाणी रेडिएटरना वळसा घालून परत पाठवणारा) आहे का, नीट सेट केलाय का ते विचारा. बुडबुड येत असेल तर ती हवा, चावीने काढा, आणि टकटक येत असेल तर पाइप तापून लाकडाला घासतोय, त्यासाठी व्हॉल्व्हवर पैसे घालवू नका.

खरा कापलेला स्टार हेडचा आहे. पांढरं प्लास्टिक दिसायला अगदीच सरकारी ऑफिससारखं, आणि आकडे इतके फिके की सासूबाईंना चष्मा लावूनही ३ कुठे ते दिसेना, शेवटी नेलपॉलिशचा ठिपका दिला. क्रोमवालं मिळतं, घ्यायचं असेल तर तेच घ्या. आणि ज्या खोलीत भिंतीवरचा, बॉयलर चालू-बंद करणारा मेन थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरला असला व्हॉल्व्ह लावूच नका, दोघं एकमेकांशी भांडत बसतात, व्हॉल्व्हने रेडिएटर आधीच बंद केला की थर्मोस्टॅटला खोली गारच वाटते आणि बॉयलर उगाच चालू राहतो. पाचपैकी चार.