इनिटग्राफ सापडत नाही: टर्बो सी, विनबीजीआयएम, एसडीएल-बीजीआय की ओपनजीएल?

डीडीएने (एकेक पिक्सेल ठरवत रेष काढायच्या रीतीने) रेष काढणारा पंधरा ओळींचा प्रोग्रॅम. वर ग्राफिक्स डॉट एच, मध्ये ग्राफिक्स सुरू करणारं इनिटग्राफ, शेवटी गेटच आणि क्लोजग्राफ. सीनियरच्या जर्नलमधून तसाच्या तसा उतरवला, बिल्ड दाबलं आणि खाली लाल अक्षरांत आलं: अनडिफाइन्ड रेफरन्स टू इनिटग्राफ. आपल्याकडच्या डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगच्या ग्राफिक्स लॅबमध्ये हा एरर न पाहिलेला विद्यार्थी मला तरी अजून भेटलेला नाही. शोधायला गेलं की चार वेगवेगळे उपाय सापडतात आणि प्रत्येकाखाली कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘माझ्याकडे चाललं’. चाललेलं असतं खरंच, पण त्याच्या मशीनवर. तुमच्या मशीनवर यातलं काय चालेल, ते आधी बघू.

त्याआधी एक सांगतो, म्हणजे सेमीकोलन शोधण्यात संध्याकाळ जाणार नाही. हा एरर आला याचा अर्थ तुमचा कोड कम्पाइल झालेला आहे. हेडर फाइल म्हणजे लग्नाची पत्रिका. जेवण साडेबाराला आहे एवढं तिच्यात छापलेलं असतं, पण पंगत पत्रिकेतून वाढली जात नाही. इनिटग्राफचं खरं काम करणारा कोड लायब्ररीत असतो आणि तो शोधून जोडणं हे लिंकरचं काम. ‘नो सच फाइल’ आलं तर पत्रिकाच मिळालेली नाही, म्हणजे हेडरचा पत्ता चुकला. ‘कॅनॉट फाइंड’ आलं तर तुम्ही नाव सांगितलेली लायब्ररी लिंकरला वापरण्याजोगी सापडली नाही. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आलं तर तुम्ही लायब्ररीचं नाव सांगितलंच नाही, किंवा चुकीच्या जागी सांगितलं. हे तीन एरर एकमेकांत मिसळले की माणूस हेडर पाचव्यांदा कॉपी करत बसतो.

लायब्ररीचं नाव सांगायची रीत म्हणजे वजाचं चिन्ह, छोटा एल आणि त्याला चिकटून नाव. पुढे मी फक्त नावं लिहितो.

टर्बो सी: एक चौकोन

लिंकिंगच्या दृष्टीने सगळ्यांत सोपा मार्ग हाच, हे कबूल करायला हवं. टर्बो सी++ ३.० हे १९९१ चं. ग्राफिक्सची लायब्ररी, म्हणजे बीजीआय, त्याच्यासोबतच येते, फक्त जोडायची की नाही हे एका चौकोनावर ठरतं: ऑप्शन्स, लिंकर, लायब्ररीज, ग्राफिक्स लायब्ररी. तिथे खूण नसेल तर ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ म्हणून इनिटग्राफचं नाव येतं. खूण केली की गेलं.

पण मग प्रोग्रॅम चालवताना दुसरी गंमत होते. इनिटग्राफला ईजीएव्हीजीए डॉट बीजीआय ही ड्रायव्हर फाइल कुठे आहे ते सांगावं लागतं. ती मिळाली नाही तर ग्राफरिझल्ट (ग्राफिक्सची चूक सांगणारं फंक्शन) वजा ३ देतो. पत्ता छोट्या अक्षरांत आणि एकेरी बॅकस्लॅशने लिहिला, सी ड्राइव्हमधला टीसी आणि त्यातला बीजीआय, तर सीच्या नियमाने पहिल्या बॅकस्लॅश-टीचा टॅब होतो आणि दुसऱ्या बॅकस्लॅश-बीचा बॅकस्पेस. बॅकस्लॅश दुहेरी का लिहितात ते यामुळे, आणि व्हायवाला विचारतातही. शिवाय बऱ्याच मशीनवर फोल्डरचं नाव टीसी नसून टर्बोसी३ असतं.

किंमत काय मोजावी लागते? हा १६ बिटचा कम्पायलर. ६४ बिट विंडोज १६ बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही, म्हणून तो डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बसवावा लागतो. व्हीजीएत ६४० बाय ४८० आणि १६ रंग, बस. आणि व्हॉइड मेन, आयोस्ट्रीम डॉट एच असल्या सवयी लागतात, ज्या पुढे आजचे बरेच कम्पायलर खपवून घेत नाहीत. एक्स्टर्नल परीक्षा टर्बोवर असेल तर तेच वापरा, वाद नको. नसेल तर केवळ एक चौकोन सोपा म्हणून तिकडे जाऊ नका.

विनबीजीआयएम: सगळे सांगतात तो

कोडब्लॉक्स किंवा डेव्ह-सी++ मध्ये ग्राफिक्स डॉट एच चालवायचं म्हटलं की पहिला सल्ला विनबीजीआयएमचा, म्हणजे त्याच बीजीआयच्या विंडोजवरच्या रूपाचा, मिळतो: तीन फाइली उतरवा, दोन हेडर इन्क्लूडमध्ये आणि लिबबीजीआय डॉट ए लिबमध्ये टाका, मग लिंकरच्या खिडकीत सहा नावं लिहा. बीजीआय, जीडीआय३२, कॉमडीएलजी३२, यूयूआयडी, ओएलईऑट३२, ओएलई३२. ही सहा नावं कित्येकांना मंत्रासारखी पाठ असतात, पण बीजीआय पहिली का, हे फारसं कुणी सांगत नाही.

लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. स्टॅटिक लायब्ररी समोर आली की तोवर जी नावं हवी आहेत तेवढीच तिच्यातून उचलतो आणि पुढे जातो, मागे वळून बघत नाही. इनिटग्राफ बीजीआयमध्ये आहे, पण बीजीआयला स्वतःला विंडोजच्या जीडीआय३२ मधली फंक्शन्स लागतात. जीडीआय३२ आधी लिहिली तर त्या वेळी तिच्याकडे कुणी काही मागितलेलंच नसतं. म्हणून क्रम उलटा झाला की इनिटग्राफचा एरर जातो आणि जागेवर बिटब्लिटसारखं अनोळखी नाव येतं, मागे ॲट ३६ अशी शेपटी लावून. त्या शेपटीला घाबरू नका. ३२ बिट विंडोजमध्ये फंक्शनला द्यायच्या माहितीचे एकूण बाइट तिथे लिहिलेले असतात: बिटब्लिटची नऊ मूल्यं, प्रत्येकी चार बाइट. उलट असा एरर ही चांगली खूण आहे, कारण बीजीआय सापडली आणि आता फक्त क्रम राहिला.

मुख्य दुखणं वेगळंच आहे. सगळीकडे फिरणारी लिबबीजीआय ३२ बिटची आहे. कोडब्लॉक्स १७.१२ सोबत येणारा कम्पायलर ३२ बिटचा होता, तेव्हा जमून जायचं. २०.०३ च्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये तो ६४ बिटचा झाला आणि तेच व्हिडिओ, त्याच पायऱ्या निकामी झाल्या. लिंकर ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ असं स्पष्ट म्हणतो, त्याखालच्या ओळीत ‘कॅनॉट फाइंड’. मुलं खालची ओळ वाचतात आणि फाइल आणखी तीन फोल्डरमध्ये टाकतात. फाइल जागेवरच असते हो, वरची ओळ वाचा. आपला कम्पायलर कोणता हे बघायला कमांड प्रॉम्प्टवर जीसीसी (कम्पायलरचं नाव) आणि पुढे वजाचं चिन्ह लावून डम्पमशीन लिहा. उत्तर एक्स८६-६४ ने सुरू झालं तर विनबीजीआयएमचा हट्ट सोडा किंवा ३२ बिट मिनजीडब्ल्यू (विंडोजवरचा जीसीसी) वेगळा टाका. माझं मत विचाराल तर सोडा.

आणखी दोन खड्डे सांगून पुढे जातो. या हेडरमध्ये सी++ ची फाइल ओढलेली आहे, त्यामुळे प्रोग्रॅम डॉट सी नावाने सेव्ह केला तर ‘एसस्ट्रीम नो सच फाइल’ येतं, डॉट सीपीपी करा. आणि फिरत्या प्रतींमध्ये ३०२ व्या ओळीवर राइट हे नाव दोनदा आलेलं असतं, त्यातलं पहिलं टॉप करायचं. इतकी वर्षं तीच चूक हातोहात चालत आलेली आहे.

एसडीएल-बीजीआय: तोच कोड, नवा पाया

ही लायब्ररी बाहेरून बीजीआयसारखीच दिसते, पण आतून काम एसडीएल२ ही खिडकी आणि चित्रं हाताळणारी नवी लायब्ररी करते. हेडरचं नाव ग्राफिक्स डॉट एच हेच. इनिटग्राफ, पुटपिक्सेल, गेटपिक्सेल, फ्लडफिल, सगळं ओळखीचं. ६४ बिटवर चालते, लिनक्सवर चालते, विंडोजवर मिनजीडब्ल्यूसोबत चालते, मॅकवरही. जर्नलमधला कोड जवळपास न बदलता वापरायचा असेल तर मी हिच्याच बाजूचा आहे.

लिंकिंगला सहाऐवजी दोन नावं, एसडीएल_बीजीआय आणि एसडीएल२, आणि दोन्ही सोर्स फाइलच्या नंतर. उबुंटूने ११.१० पासून असं ठरवलं की कमांडमध्ये आधी आलेली लायब्ररी, तोवर कुणाला तिची गरज दिसली नसेल, तर वगळायची. त्यामुळे फेडोरावाल्या मित्राकडे जी कमांड चालते ती उबुंटूवर अडकते, सगळं इन्स्टॉल असूनही. नावं ओळीच्या शेवटी न्या, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

विंडोजवर एसडीएलची एक खोड आहे: ती मेनचं नाव आतल्या आत बदलते. मेन पूर्ण लिहा, आर्गसी आणि आर्गव्हीसकट, आणि मिनजीडब्ल्यू३२ व एसडीएल२मेन ही नावंही जोडा, नाहीतर ‘विनमेन’ सापडत नाही अशी तक्रार येईल. लिनक्सवर कुणी जुनी लिबग्राफ सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा. तिला लागणारी गाइल या भाषेची जुनी पॅकेजेस नव्या उबुंटूत मिळत नाहीत.

सोर्सवरून बिल्ड करून टाकली आणि बिल्ड नीट झालं, पण चालवताना ‘शेअर्ड लायब्ररी लोड होत नाही’ आलं, तर तो लिंकरचा दोष नाही. एकदा सुडोने एलडीकॉन्फिग चालवा.

ओपनजीएल आणि फ्रीग्लूट: कोड बदलायची तयारी असेल तर

ओपनजीएल चित्र काढतं आणि फ्रीग्लूट (ग्लूट) त्यासाठी खिडकी उघडून देतं. इथे एररमधलं नाव बदलतं, ग्लूटइनिट, पण रोग तोच. लिनक्सवर ग्लूट, जीएलयू, जीएल या क्रमाने जोडायच्या. ‘कॅनॉट फाइंड’ आलं तर बहुधा नुसतं चालवायचं पॅकेज आहे, बिल्ड करायचं डेव्ह पॅकेज नाही, डेबियन-उबुंटूत फ्रीग्लूट३-डेव्ह. लिंकर डॉट एसओवर संपणारं नाव शोधतो आणि चालवायच्या पॅकेजमध्ये डॉट एसओ डॉट ३ एवढंच असतं. हाताने सिमलिंक (फाइलला दुसरं नाव देणारा दुवा) करून भागवायचा सल्ला मिळेल. तो उद्या पॅकेज बदललं की अंगाशी येतो.

मेहनत कोडमध्ये आहे. बीजीआयचा शून्यबिंदू वर डावीकडे, वाय खाली वाढतो. जीएलयूऑर्थो२डीमध्ये आपण साधारणपणे तो खाली डावीकडे धरतो. ब्रेसनहॅमचं वर्तुळ दोन्हीकडे सारखंच दिसतं, पण झोपडी काढली की छप्पर जमिनीवर. बाउंड्री फिलला गेटपिक्सेलच्या जागी जीएल-रीडपिक्सेल्स येतं आणि एकेक पिक्सेल विचारत बसलं की ते रेंगाळतं. विंडोजची ओपनजीएल३२ थेट १.१ पर्यंतचीच फंक्शन्स देते, पण लॅबच्या जीएलबिगिन-जीएलएंड प्रोग्रॅमना तेवढं पुरतं. बफर, शेडर आले की पुढची फंक्शन्स मिळवून देणारं ग्लू (जीएलईडब्ल्यू) किंवा ग्लॅड लागतं.

प्रोजेक्ट ग्राफिक्सचा करायचा असेल, थ्रीडी हवं असेल, तर सुरुवातीलाच इकडे या. नुसती दहा प्रॅक्टिकल्स सबमिट करायची असतील तर सगळे अल्गोरिदम नव्याने लिहिण्यात अर्थ नाही, एसडीएल-बीजीआय घ्या.

घरी काहीही वापरा, पण परीक्षेच्या आठवडाभर आधी लॅबमधल्याच पीसीवर, आपल्याच लॉगिनने, फक्त इनिटग्राफ आणि क्लोजग्राफ असलेला रिकामा प्रोग्रॅम एकदा बिल्ड करून बघा. अडला तर लॅब असिस्टंट सरांना आधी डम्पमशीनचं उत्तर दाखवा.