‘पॅसिफिक रिम’चा साउंडट्रॅक: ऐकायला दणदणीत, चित्ररथावर जपून

रमीन जवादी यांनी २०१३ साली ‘पॅसिफिक रिम’ला दिलेल्या संगीतातला चित्रपटाच्याच नावाचा ट्रॅक तेवढा ऐकला तरी चालतं, असं म्हणणारे फारसे चुकत नाहीत. अल्बम लांबलचक आहे आणि उत्तरार्धात त्याच रिफची (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीची) उजळणी फार होते. शेवटचं रॅप गाणं तर सरळ वगळा.

चित्रपटाच्या नावाचा हा पहिला ट्रॅक मात्र खणखणीत. त्यात टॉम मोरेलोची गिटार आहे. गिटारच्या एका पिकअपचा (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाचा) व्हॉल्यूम शून्यावर ठेवून पिकअप बदलणारा टॉगल स्विच खटाखट हलवत आवाज तोडायचा, ही ज्याची जुनी खूण, तोच हा. ऑर्केस्ट्राशेजारी डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम फाटक्या-खरखरीत आवाजाची गिटार आणली की २०० ते ५०० हर्ट्झमध्ये नुसता चिखल होतो, कारण चेलो, ट्रॉम्बोन आणि गिटार तिघेही तिथेच ठाण मांडतात. इथे भांडण टळतं, कारण खालची तंतुवाद्यं गिटारचाच ठेका धरतात आणि ब्रास (ट्रॉम्बोनसारखी पितळी फुंकवाद्यं) वरून लांब सूर लावतं. शिवाय गिटारवरच्या पॉवर कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र छेडलेल्या दणकट सुरांत, सा आणि प एवढेच, गंधार नाहीच. डिस्टॉर्शनमधून गंधार घातला की आवाज गढूळ होतो. तो वगळल्यामुळे कोमल गंधार लावायचा की शुद्ध, हे ब्रासच्या हाती राहतं.

बेळगावात असलं संगीत हेडफोनपेक्षा शिवजयंतीच्या चित्ररथावर, सजीव देखाव्याच्या संवादांखाली जास्त वाजतं, आणि घोटाळे तिथेच होतात. गिटार १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये ठासून भरलेली आहे; संवादातली व्यंजनं ऐकू येतात तीही त्याच पट्ट्यात. संगीत संवादाच्या १२ ते १५ डेसिबल खाली ठेवा आणि इक्वलायझरवर हा पट्टा आणखी ३-४ डेसिबल उतरवा. ४० हर्ट्झखालचं कापून टाका. ट्रॉलीवरच्या स्पीकर बॉक्सना ते पेलत नाही, अँपची ताकद मात्र खातं. गल्लीत दोन्हीकडच्या भिंतींवरून आवाज उलटून येतो, म्हणून आवाज वाढवून संवाद स्पष्ट होत नाहीत, उलट बिघडतात.

लॅपटॉपची एकच बाजू अँपला जोडली तर दुसऱ्या बाजूचं वादन गायब होतं. एडिटिंग करतानाच फाइल मोनो करा, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र मिसळा. जनरेटरवर चार्जर लावला की ५० हर्ट्झची घरघर येते ती ग्राउंड लूपमुळे, म्हणजे उपकरणांचं अर्थिंग एकाहून जास्त वाटांनी जोडलं गेल्यामुळे. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, नाहीतर मध्ये आयसोलेटर (ही जोडणी तोडून फक्त आवाज पुढे नेणारी डबी) घाला. व्हिडिओवरून उतरवलेली हलकी एमपी३ नको, झांजा तळल्यासारख्या चरचरतात.

‘माको’ हा शांत ट्रॅक सुंदर आहे, पण त्यात बाईचा आवाज आहे, त्यामुळे संवादांखाली नको, मूक प्रसंगाला घ्या. अफझलखानाच्या भेटीखाली इलेक्ट्रिक गिटार? खटकते खरी, पण लोकांना आवडते. तुतारी प्रत्यक्ष फुंकणार असाल तर त्याआधी ट्रॅक बंद करा. तिचा सूर ट्रॅकशी जुळेलच असं नाही, आणि ती काही ट्यून करता येत नाही.

मिरवणुकीचा व्हिडिओ नेटवर टाकणार असाल तर संवादांचा ट्रॅक वेगळा जपून ठेवा, कारण या संगीतावर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो.