बारावीच्या टेन्शनवर ऑडिओ: पैसे भरलेलं ॲप आणि फुकटची योगनिद्रा

लेकीची यंदा बारावी सायन्स, त्यामुळे जानेवारीपासून घरात कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला व्हायचं. कुणीतरी सांगितलं म्हणून एक रिलॅक्सेशनचं ॲप घेतलं, वर्षाचे पैसे भरून. नाव लिहीत नाही, असली बहुतेक ॲप्स आतून सारखीच असतात, पावसाचा आवाज, समुद्राचा आवाज, पियानो आणि हळू आवाजात इंग्लिश बोलणारी एक बाई.

पाऊस वगैरे वाईट नाही हां. शेजारच्यांचा टीव्ही, खालचे हॉर्न सगळं झाकलं जातं, अभ्यासाला बसताना बरं पडतं, आणि शब्द नसल्यामुळे वाचताना मधे मधे येत नाही (गाणी लावून केमिस्ट्री वाचणाऱ्यांनी हे एकदा करून बघाच). बायनॉरल बीट्स म्हणून एक सेक्शन आहे, एका कानात 200 हर्ट्झ आणि दुसऱ्यात 210, मग मेंदूला 10 ची लय जाणवते म्हणे, पण ते हेडफोनशिवाय होतच नाही आणि लेकीचं तर डोकंच चढलं त्याने.

पण खरी गोची पुढे आहे. पेपर 11 चा, साडेदहाला हॉलमध्ये, आणि मोबाइल आत न्यायचा नाही. म्हणजे पोटात गोळा येतो तो नेमका अर्धा तास ॲप काही कामाचं नाही!! म्हणून मी आता एवढंच बघते की ऑडिओ बंद झाल्यावर पोरीकडे काय उरतं.

त्यात फुकटची योगनिद्रा सरळ जिंकली. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या स्वामी सत्यानंदांनी बसवलेली पद्धत, आडवं पडायचं, एक संकल्प मनात म्हणायचा, मग उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट असं करत लक्ष अख्ख्या अंगावर फिरवायचं, मग श्वास. मराठीतही भरपूर रेकॉर्डिंग आहेत, पण निवडून घ्या, काहींच्या मागे बासरी इतकी मोठी की सूचनाच ऐकू येत नाहीत आणि काहींमध्ये ऐन शांततेत जाहिरात किंचाळते, त्यामुळे ऑफलाइन घेऊन ठेवलेलं बरं. खरं तर त्यात जागं राहायचं असतं, पण आमच्या सासूबाई डाव्या हातापर्यंत पोचायच्या आत घोरायला लागतात. रात्री झोप लागली तर लागू दे, पेपरच्या आदल्या रात्री तेच तर हवं असतं. सकाळी मात्र लावू नका, अंगात सुस्ती येते.

आणि त्यातला श्वासाचा भाग पाठ होतो. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. हे बाकावर बसून करता येतं, शेजारच्याला कळतसुद्धा नाही. लेक फिजिक्सला पेपर हातात यायच्या आधी हेच करत होती, म्हणाली हात थरथरले पण लिहायला लागल्यावर थांबले. बास, एवढीच अपेक्षा. न झालेला चॅप्टर काही ऑडिओने होत नाही.

पोरगं सतत रडत असेल, जेवत नसेल तर मात्र हेडफोन देऊन बसवू नका, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

ॲपला पाचपैकी दोन, योगनिद्रेला साडेचार. आणि हो, ॲप नुसतं डिलीट केलं तर ऑटोपे चालूच राहतं, सबस्क्रिप्शन वेगळं कॅन्सल करा.