लाकूडकामाच्या राउटर बिटचा सेट ऑनलाइन मागवताय? आधी हे वाचा, माझे २१,७५५ रुपये गेले

दोन आठवडे हे लिहू की नको करत होतो, कारण लाज वाटते. मी २२ वर्षं मशीन शॉपमध्ये काढलीत, त्यातली नऊ क्वालिटीला, आणि मलाच एका बिटच्या सेटवरून बनवलं गेलं. पण कोणीतरी आज तीच जाहिरात बघत असेल म्हणून सगळं सांगतो, आकड्यांसकट.

डोंबिवलीला राहतो. किचनसाठी एक कॅबिनेट स्वतः बनवायचं ठरवलं, पहिलंच. ट्रिमर राउटर, म्हणजे लाकडाला खाचा मारायचं हातातलं मशीन, आधीच घेतला होता, पाव इंच कॉलेटचा (कॉलेट म्हणजे बिट पकडणारा जबडा), तो चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्यात बसणारे कापायचे बिट हवे होते. मोबाईलवर जाहिरात आली, २४ बिटांचा कार्बाइड सेट, म्हणजे स्टीलपेक्षा कठीण धारेचा, लाकडी पेटीत, ६,९९९ चा २,१९९ ला आणि आधी पैसे भरले तर अजून १०० कमी. २,०९९ भरले. आता सगळे म्हणतात कॅश ऑन डिलिव्हरी का नाही घेतली. अहो पर्याय दिसत होता, पण दाबला की "तुमच्या पिनकोडला उपलब्ध नाही" यायचं. आणि व्हिडिओत माणूस सागावर सरसर खाच मारतोय, कोणालाही खरं वाटलं असतं.

पेटी आठव्या दिवशी आली. आणि इथेच मला कळायला हवं होतं. असल्या सेटमधला कार्बाइड बिट असला की बहुतेक वेळा धारेचा तुकडा वेगळा असतो, स्टीलच्या अंगावर ब्रेझिंगने (वितळलेल्या धातूने जोडून) बसवलेला, जोडाची बारीक रेघ नखाला लागते. यांच्यात रेघच नव्हती, अख्खा बिट एकाच स्टीलचा आणि टोकाला नुसता राखाडी रंग. मी बघितलं ते. बघून पेटी बंद केली.

त्याहून वाईट पुढचं. बिट कॉलेटमध्ये घातला तेव्हा खुळखुळला. अगदी थोडा, पण बोटाला कळला. पेटीवर पाव इंच लिहिलेलं, पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, आणि शँक, म्हणजे बिटचा दांडा, निघाला ६ मिमी. मोजायचं व्हर्नियर तीन फुटांवर ड्रॉवरमध्ये होतं! कंपनीत मी पोरांना ओरडायचो की मोजल्याशिवाय पार्ट मशीनवर चढवायचा नाही, आणि घरी स्वतः म्हणालो की नट आवळला की बसेल. त्या एका सेकंदाचा अजून राग येतो. रविवार होता, प्लाय कापून आलेलं होतं, हिला सांगितलं होतं की दिवाळीआधी कॅबिनेट उभं करतो, माणूस घाईत असतो.

साइडच्या फळीला ६ मिमी खोल खाच मारायला घेतली. सुरुवातीला बरोबर, मग जळका वास, प्लायच्या गोंदापुढे साध्या स्टीलची धार टिकतच नाही, खाचेच्या कडा काळ्या झाल्या. आणि बिट हळूहळू कॉलेटमधून खाली सरकत होता हे मला शेवटपर्यंत दिसलं नाही. मोजलं तर एका टोकाला ६, दुसऱ्या टोकाला १३. १८ मिमी जाड फळीत १३! मला वाटलं माझंच सेटिंग चुकलं, म्हणून परत आवळून दुसरी साइड घेतली, तीही गेली. तेव्हा व्हर्नियर काढलं. ट्रिमर मिनिटाला ३०,००० फेरे फिरतो, तो बिट सुटून तोंडावर आला असता तर आज लिहायला डोळा नसता. दुकानदार अर्धी शीट देत नाही, म्हणून ८ बाय ४ ची नवीन शीट, ३,३६० रुपये.

इथपर्यंत ५,४५९ गेले होते. तिथेच सोडलं असतं तर बरं झालं असतं. पण मला राग आला होता, आणि माझं ठाम मत झालंय की त्यांना हा राग आलेला माणूसच हवा असतो. सेट विकणं हा त्यांचा धंदाच नाही, तक्रार करणारं गिऱ्हाईक हा धंदा. विकणाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकले, दहा मिनिटांत फोन, "सर तुमचा ऑर्डर नंबर अमुक, पत्ता तमुक, पूर्ण रिफंड देतो." सगळं बरोबर सांगितलं म्हणून विश्वास बसला. क्यूआर पाठवला. स्कॅन केलं की वर नाव "रिफंड डिपार्टमेंट", खाली २,०९९. पिन टाकला. पैसे आले नाहीत, गेले. तो म्हणाला, "सर रिव्हर्स झालं, आता दोन्ही मिळून ४,१९८ चा पाठवतो." तेही गेले. मग "सिस्टीम लॉक झाली, ९,९९९ चं व्हेरिफिकेशन करा, सगळं एकत्र परत येईल." केलं. एकूण १६,२९६. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मला माहीत होतं, शपथेवर सांगतो माहीत होतं, पण समोरचा सतत बोलत राहतो, विचार करायला जागाच देत नाही.

हिला सांगायची लाज वाटली म्हणून तीन तास घालवले. हे करू नका, त्याच मिनिटाला १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा. मी लावला तेव्हा चाळीस मिनिटं लागतच नव्हता. लागल्यावर तक्रार घेतली, नंबर दिला, तोपर्यंत पैसे पुढे गेले होते, फक्त १,४०० होल्ड झाले आणि ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाले. १,४०० साठी कोर्ट! पोलीस स्टेशनला गेलो तर "काका, हे सायबरचं आहे, तिकडे जा." सायबरला गेलो तर "रक्कम लहान आहे, तुमच्या स्टेशनलाच द्या." परत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. चौथ्या फेरीला एकजण म्हणाला, "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो, मीच टाकला, म्हणून काय चोरी चोरी राहत नाही? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असो तक्रार नोंदवून घ्यायची असं स्पष्ट लिहिलंय, प्रिंट काढून नेली, तर "ठेवून जा" म्हणाले. पोच नाही. बँकेने रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं, ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेले तर नुकसान ग्राहकाचं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ने कंपनीचा पत्ता मागितला. पत्ता असता तर मीच गेलो नसतो का?

तो पत्ताच आधी बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याने कायदेशीर नाव, पत्ता, तक्रार अधिकाऱ्याचं नाव टाकायलाच हवं. नुसता व्हॉट्सॲप नंबर असेल तर बंद करा पान. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, माझ्याकडे नाही.

आणि मुळात २४ बिट लागतातच कुठे. पहिल्या कॅबिनेटला तीन पुरतात, मागच्या पातळ प्लायच्या खाचेला ६ मिमी रुंद सरळ, फळ्यांच्या खाचेला १२ चा सरळ आणि सनमायका कडेला समतल कापायला बेअरिंगवाला फ्लश ट्रिम. १८ चा बिट घेऊन एका फेरीत खाच मारायला जाऊ नका, १८ चं प्लाय बऱ्याचदा १७.५ च भरतं, १२ च्या बिटने दोन फेऱ्यांत मोजून मारा. एका वेळी ३ मिमीच खोल. शँक कॉलेटमध्ये पूर्ण तळाला टेकवू नका, टेकवून दोन-तीन मिमी वर घ्या, मग आवळा. खुळखुळला तर मशीन चालू करू नका. ६ मिमीचा कॉलेट वेगळा मिळतो, ६ चा शँक त्यातच लावा.

मी शेवटी मस्जिद बंदरला उतरून नागदेवीला, मुंबईच्या हत्यारांच्या बाजारात, गेलो. व्हर्नियर खिशात घेऊन. दुकानदाराने काही न बोलता तीन बिट काउंटरवर ठेवले, मोजू दिले, जोडाची रेघ दाखवली, पक्कं बिल दिलं, ९४० रुपये. लोकलने तासाभराची वाट होती फक्त.

बँकेला लेखी तक्रार दिलीय, येत्या मंगळवारी ३० दिवस होतात, त्या दिवशी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे टाकतोय. जळक्या खाचेच्या दोन्ही फळ्या आणि तो सेट ठेवून दिलाय, कोणी मागितला तर पुरावा म्हणून दाखवीन. अजून तरी कोणी मागितलेला नाही.