मायक्रोबिट व्ही2: बोर्ड झकास, केबलने मात्र जीव खाल्ला

आधी केबलचं बोलते, कारण हे लिहायला बसले ते केबलपायीच. मायक्रोबिट म्हणजे मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचा छोटासा कॉम्प्युटर बोर्ड, व्ही2 ही त्याची दुसरी आवृत्ती. त्यावर काय काय आहे ती यादी सगळ्यांना पाठ आहे: 25 एलईडी, दोन बटणं, व्ही2 ला स्पीकर आणि माइक, वर बोट टेकलं की कळणारा सोनेरी लोगो. ते सगळं सांगितल्याप्रमाणे चालतं. चालत नाही ती खोक्यातली वीतभर केबल.

नागपुरात नंदनवनला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी पाचवी ते सातवीच्या मुलांचा कॉम्प्युटरचा वर्ग घेते. फी नावापुरती, लॉपटॉप लोकांच्या ऑफिसातून निघालेले. मागच्या वर्षी दोन मायक्रोबिट घेतले होते, मुलांना आवडले, म्हणून यंदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आणखी तीन किट मागवले. एक किट दोन हजारांच्या घरात जातं. आमच्या वर्गासाठी ही रक्कम दोनदा मोजून द्यायची आहे.

किट आले, मुलांनी जोडले, मागचा लाल दिवा लागला, आत भरून आलेला नमुना प्रोग्रामही सुरू झाला. पण लॉपटॉपवर जो ‘मायक्रोबिट’ नावाचा ड्राइव्ह उघडायला हवा, तो काही दिसेना. मागच्या वर्षीची केबल लावली की तोच बोर्ड त्याच लॉपटॉपवर लगेच हजर. नवी लावली की गायब.

"काकू, हा लागून तर राहिला, पण दिसून नाही राहिला," सातवीतला एक पोरगा म्हणाला. याहून नेमकं निदान मलाही करता आलं नसतं.

मायक्रोबिटला लागणाऱ्या पूर्ण यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. लाल आणि काळी वीज नेतात, हिरवी आणि पांढरी माहिती नेतात. स्वस्त केबल बनवणारे हिरवी-पांढरी घालतच नाहीत. ट्रिमर, ब्लूटूथ स्पीकर, पॉवर बँक यांच्यासोबत येतात त्या बऱ्याचदा अशाच. वरून बघून काही कळत नाही, प्लग सारखाच, दिवाही लागतो. कॉम्प्युटरशी बोलण्यासाठीच जन्मलेल्या बोर्डाच्या किटमध्ये अशी मुकी केबल घालायला केवढी हिंमत लागत असेल!

विक्रेत्याला फोन केला. त्याचं उत्तर: "लाइट जल रहा है ना मॅडम? मतलब केबल ओके है." मी चार तारांचं पुराण सांगितलं. व्हिडिओ पाठवा म्हणाला. पाठवला. त्यात लाल दिवा लागलेला दिसतो, म्हणजे तक्रार बंद. मग एक केबल कात्रीने कापली, आत दोनच तारा आहेत याचा फोटो काढून पाठवला. तर उत्तर आलं की ग्राहकाने वस्तू कापल्यामुळे आता ती बदलून मिळणार नाही. बोर्डाच्या किमतीपुढे केबल म्हणजे चिल्लर, पण मला त्या चिल्लरचाच राग आहे. दोन हजार घेतल्यावर माणूस साठ रुपयांसाठी वाद घालतो, आणि तेवढ्यात माझा एक पूर्ण वर्ग वाया जातो.

शेवटी एक बोर्ड आणि लॉपटॉप पिशवीत घालून बर्डीच्या बाजारात गेले. दुकानदाराला सांगितलं, इथेच लावून बघणार, ड्राइव्ह दिसला तरच पैसे. तो आधी वैतागला, मग त्यालाच मजा वाटायला लागली. गल्ल्याखालच्या टोपलीतल्या केबली काढून काढून देत होता, "ही बघा, ही नक्की चालेल" म्हणत. त्यातल्या कितीतरी मुक्या निघाल्या, आणि त्याला ते पहिल्यांदाच कळत होतं.

इथपर्यंतचा मजकूर लिहून मी ठेवून दिला होता. पुढचा नंतर लिहिला आहे आणि सूर थोडा निवळला आहे, कारण मुलांनी या केबलींचं जे केलं ते मी पाठ आखून केलं नसतं.

मी सांगितलं, घरातल्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या जुन्या मायक्रो यूएसबी केबली घेऊन या. (हल्ली घरोघरी टाइप-सी आल्याने या केबली अडगळीतच असतात. बोर्ड मात्र अजून मायक्रो यूएसबीवर अडून बसलाय.) पोरांनी गाठोडीच आणली. एकेक लावायची, ड्राइव्ह दिसला तर प्लगवर हिरवं नेलपॉलिश, नुसताच दिवा लागला तर लाल. हे चालू असताना सहावीतल्या मुलीने विचारलं, "काकू, मग स्टेशनवर मोबाइल चार्जिंगला लावला तर आपले फोटो त्या भिंतीत जातात का?"

तो अख्खा तास मग याच प्रश्नावर गेला. यूएसबीच्या भोकातून वीज आणि माहिती दोन्ही जाऊ शकते. अँड्रॉइड फोन आपण ‘फाइल ट्रान्सफर’ निवडल्याशिवाय सहसा फाइली दाखवत नाही, म्हणून तो प्रश्न आला तर न वाचता ‘हो’ दाबायचं नाही. आणि अनोळखी ठिकाणी दोन तारांची केबल असेल तर काळजीच मिटली, माहितीला रस्ताच नाही. लाल नेलपॉलिशवाल्या केबली मुलं परत घरी घेऊन गेली, आईबाबांच्या प्रवासाच्या बॅगेत ठेवायला. विक्रेत्याला मी तरीही माफ केलेलं नाही.

आता बोर्डाबद्दल. 2016 मध्ये ब्रिटनमध्ये 11-12 वर्षांच्या मुलांना हे बोर्ड फुकट वाटले होते, सुमारे 10 लाख. म्हणजे वयाचा अंदाज बनवणाऱ्यांनी नीट घेतलेला आहे, आणि ते जाणवतं. पाचवीची मुलं ब्लॉक (पडद्यावरचे तयार आज्ञांचे तुकडे) जोडून पहिल्याच दिवशी काहीतरी चमकवतात. मेककोड, म्हणजे हे ब्लॉक जोडायचं संकेतस्थळ, एकदा ब्राउझरमध्ये उघडलं की नंतर नेट गेलं तरी चालतं. आमच्या हॉलमध्ये नेट माझ्या मोबाइलचं, त्यामुळे हा गुण माझ्या लेखी फार मोठा.

पण मुलांची खरी अडचण ब्लॉकमध्ये नव्हतीच. ही पोरं मोबाइलवर माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने बोटं फिरवतात, पण फाइल कुठे गेली ते त्यांना सांगता येत नाही. मोबाइलमध्ये फोटो गॅलरीत ‘असतो’, बस. इथे प्रोग्राम डाउनलोड केला की त्याची हेक्स फाइल (बोर्डाला कळणाऱ्या रूपातला प्रोग्राम) ‘डाउनलोड्स’मध्ये जाते आणि तिथून ओढून बोर्डाच्या ड्राइव्हवर टाकायची असते. नाव दिलं नाही तर सगळ्यांच्या फाइली ‘अनटायटल्ड’, पुढे कंसात आकडे. बोर्ड जुनंच चित्र दाखवतो, पोरगा म्हणतो बोर्ड बिघडला, बघावं तर त्याने परवाची फाइल टाकलेली.

सुरुवातीला या ओढाओढीची मला चीड यायची. क्रोममध्ये बोर्ड एकदा जोडून ठेवला की प्रोग्राम एका बटणावर थेट जातो, फाइलीची भानगड नाही. काही दिवस तसंच केलं, वर्ग सुरळीत चालला आणि मुलं फाइल या प्रकाराबाबत होती तिथेच राहिली. मग ती सोय मुद्दाम बंद केली. आता नियम असा की फाइलीला स्वतःचं नाव आणि काय करते ते लिहायचं, स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवायची, मग बोर्डावर टाकायची. वेळ जातो. जाऊ दे. एक सूचना: केबल लावताना मागचं रीसेट बटण दाबलेलं राहिलं तर ‘मेंटेनन्स’ नावाचा वेगळाच ड्राइव्ह उघडतो. घाबरू नका, काढून परत लावा.

तापमानाचा सेन्सर हा या बोर्डाचा सगळ्यात फसवा भाग. मोजतो तो प्रोसेसरचं तापमान, हवेचं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळचा वर्ग होता, मुलांनी थर्मामीटर बनवला आणि सोनेगावच्या वेधशाळेच्या आकड्याशी ताडून बघितला. बोर्ड जास्तच दाखवणार. एकाने फरक काढून प्रोग्राममध्ये तेवढे अंश वजा केले आणि जिंकल्यासारखा फिरला, पण बोर्ड लॉपटॉपवर असताना आणि सेलवर असताना फरक वेगळा पडत होता. तेव्हा मी त्यांना 2024 च्या मे अखेरची गोष्ट सांगितली. नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले, बातमी देशभर गेली, व्हॉट्सअ‍ॅपवर तर आपण सगळे भाजून निघालो होतो, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरमध्ये गडबड होती. मुलांना तो आकडा आठवत होता, खुलासा एकालाही आठवत नव्हता. "आमच्या ग्रुपवर तर अजून 56 च आहे," एक जण म्हणाला. डिजिटल साक्षरतेच्या पुस्तकात ‘माहितीची खातरजमा करा’ असं एक वाक्य असतं. ते शिकवायला मला हा बेभरवशाचा सेन्सर पुरला. म्हणून त्याचे गुण कापत नाही.

या पडद्यावर देवनागरी मजकूर धावत नाही, आणि याची मोठी तक्रार मी करणारच होते. इंग्रजी नावं सरकतात, ‘नागपूर’ लिहिलं की काही हाती लागत नाही. मग मुलं दिवे एकेक निवडून अक्षरं काढायला लागली. पाच ओळी, पाच रकाने. शिरोरेघेतच पहिली ओळ जाते, उरतात चार. त्यात ‘ठ’ देखणा बसतो: वर रेघ, मधोमध देठ, खाली पाच दिव्यांचं वाटोळं. ‘ग’ बसतो. ‘ना’ दाटीवाटीने का होईना बसतो. ‘न’ आणि ‘त’ वेगळे ओळखू येत नाहीत, ‘म’ आणि ‘भ’ तर विसराच. गाडी अडली ती ‘पू’वर, ऊकाराला जागाच नाही. दोन दिवस हॉलच्या फरशीवर खडूने चौकटी आखून वाद चालला. शेवटी एका मुलीने चारही अक्षरांची शिरोरेघ काढून टाकली, गुजरातीसारखी, आणि मोकळ्या झालेल्या ओळीमुळे ऊकार खाली उतरला. आपण पडद्यावर जे अक्षर बघतो ते कोणीतरी असंच ठिपक्या-ठिपक्याने ठरवलेलं आहे, हे त्या पोरांना आता वेगळं सांगावं लागत नाही.

बाकीचं भराभर. रेडिओ उत्तम: बोर्ड एकमेकांना निरोप पाठवतात, 0 ते 255 पैकी गट निवडायचा. सगळ्यांनी 1 निवडला आणि एकाने दुसऱ्याबद्दल पाठवलेला निरोप तिसऱ्याच्या बोर्डावर सरकला. भांडण झालं, पण गट क्रमांक म्हणजे कुलूप नव्हे हे कळलं. होकायंत्र आमच्या हॉलमध्ये लोखंडी कपाटापायी भरकटतं. स्पीकरचा आवाज एका बोर्डाचा गोड, पाच बोर्डांचा असह्य. सेलच्या डबीला बटण नाही. मुलं तार धरून ओढतात आणि ती जोडणी सैल होते. तार ओढण्यापेक्षा मागचं बटण दाबून धरायला शिकवा, व्ही2 तेवढ्याने झोपतो.

पाचपैकी चार तारे. एक तारा केबलचा, तो मी देणार नाही. शाळा आपल्याकडे जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा आणखी बोर्ड घ्यायचे आहेत, पण किट नाही, सुटे बोर्ड. हिरव्या नेलपॉलिशच्या केबली आता पुरेशा आहेत. सेलची डबी वेगळी मिळते, घेताना तिचा प्लग मायक्रोबिटचा आहे ना ते बघून घ्या. सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात. मागताना ‘रिमोटचे बारीक सेल’ म्हणा, ट्रिपल ए म्हटलं की आमचा दुकानदार हमखास घड्याळाचे देतो.